जुन्या एंजिनाची टिकटिक

थंडीच्या दिवसांत सकाळी जुनी अँबॅसडर मोटार सुरू करावी आणि एंजिनाने लय पकडताच त्याच्या घरघरीतून एक बारीक, कोरडी टिकटिक वेगळी ऐकू येऊ लागावी, हा अनुभव ही मोटार बाळगणाऱ्यांस नवा नाही. भोवती जमलेल्यांपैकी कोणी म्हणतो, टॅपेट वाजत आहेत. कोणी म्हणतो, एंजिन खोलावे लागेल. पहिले निदान खरे असल्यास तासाभराचे काम; दुसरे खरे असल्यास कित्येक दिवसांचे, आणि मालकाच्या खिशाला चांगलीच झळ लावणारे. तेव्हा पाना हाती घेण्यापूर्वी थोडा वेळ नुसते ऐकणे हिताचे ठरते.

कलकत्त्यानजीक उत्तरपाडा येथील कारखान्यात ही मोटार २०१४ सालापर्यंत तयार होत असे. तिला दीर्घकाळ बसवले जाणारे १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन मूळ ब्रिटिश आराखड्याचे आहे. त्यात चार सिलिंडर व आठ झडपा असतात. प्रत्येक सिलिंडरला एक झडप मिश्रण आत घेण्यासाठी आणि एक जळलेला वायू बाहेर सोडण्यासाठी. एंजिनाच्या कुशीत फिरणाऱ्या कॅमशाफ्टवरील उंचवटा टॅपेटला वर रेटतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला. आणि रॉकर तराजूच्या दांडीप्रमाणे कलून दुसऱ्या टोकाने झडप खाली दाबतो. दाब सरला की स्प्रिंग झडपेला पुन्हा तिच्या बैठकीवर आणून बसवते.

निदानाची पहिली किल्ली या रचनेतच आहे. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. उभ्या गाडीत एंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या मंद गतीने चालत असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला १० वेळा फिरतो. परंतु कोणतीही एक झडप सेकंदाला ५ वेळाच उघडते. जुन्या चावीच्या अनेक मनगटी घड्याळांची टिकटिकही सेकंदाला ५ वेळा होते. असे घड्याळ कानाशी धरून एंजिनाचा आवाज ऐकल्यास, सैल झालेल्या एकट्या झडपेची लय त्याच्याशी बरीचशी जुळते. दुप्पट वेगाने येणारा आवाज मात्र क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या भागांतून येत असण्याचा संभव अधिक.

केवळ लयीवर विसंबणेही बरे नव्हे, कारण झडपेच्याच गतीने टिकटिकणारे इतर सोंगाडे आहेत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले असेल, तर त्या सिलिंडरमधून बाहेर पडणारा वायू दर खेपेस बारीक फटीतून फुसकतो. तो आवाज हुबेहूब टॅपेटसारखा वाटतो. त्याची खूण ही की एंजिन थंड असताना तो मोठा असतो, आणि बीड तापून प्रसरण पावले व फट मिटली की पुष्कळदा कमी होतो. स्पार्क प्लगची तार फाटली असेल, तर ठिणगी वाटेतच धातूवर उडी घेते व चटचट आवाज करते. काळोखात बॉनेट उघडल्यास ती निळसर ठिणगी डोळ्यांनाच दिसते. आवाज टिकटिक नसून जड ठोक्याचा असेल, तर एकेका प्लगचा विद्युत्पुरवठा क्षणभर तोडून पाहतात. स्फोटाचा भार नाहीसा होताच ठोका मंदावला, तर दोष त्या सिलिंडरच्या दट्ट्यात किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये शोधावा. झडपेच्या टिकटिकीला या प्रयोगाने सहसा फरक पडत नाही. ऑइलची पातळी व दाब पाहणे तर या सर्वांआधी. वंगण न पोहोचलेले रॉकर वाजणारच.

आवाजाचे नेमके ठिकाण शोधण्यासाठी मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक एंजिनावर टेकवतात व मूठ कानाशी धरतात. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक या वैद्याने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीवर ठेवून हृदयाचे ठोके ऐकले व त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. मिस्त्रीची युक्ती त्याच कुळातील आहे. एवढेच की रोग्याला पंखा व पट्टा नसतो. येथे बाही आणि बोटे त्यांपासून दूर ठेवावी लागतात.

आता टिकटिक मुळात का होते, ते पाहू. रॉकर व झडपेचा दांडा यांच्यामध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. पोलाद तापले की लांबते. १०० मिलिमीटर लांबीची पोलादी सळई ३०० अंश सेल्सियसने तापवल्यास सुमारे ०.३६ मिलिमीटर वाढते. एंजिनाचे इतर भागही वाढतात, पण सारखे नव्हे. म्हणून फट नसेल तर तापलेली झडप बैठकीवर पुरती टेकणारच नाही. या एंजिनात ही फट सुमारे ०.३८ मिलिमीटर राखतात. कॅमच्या उंचवट्याचा प्रारंभ सौम्य चढाचा असतो, जेणेकरून ही फट हळुवार भरून निघावी व मगच झडप उचलली जावी. झीज होऊन फट वाढली की रॉकर त्या सौम्य चढानंतर, वेगात असताना झडपेवर आदळतो. तीच आपली टिकटिक.

फट जुळवताना संबंधित झडप पूर्ण मिटलेली हवी. ते कळावे म्हणून या एंजिनासाठी एक गमतीचा नियम आहे, तो नऊचा. पहिल्या झडपेची फट आठवी पूर्ण उघडी असताना मोजावी, तिसरीची सहावी उघडी असताना. दोन्ही क्रमांकांची बेरीज नेहमी ९. फिलर गेजची पाती फटीत किंचित अडखळत सरकली की स्क्रू तसाच धरून नट आवळावा आणि फट पुन्हा मोजावी, कारण आवळताना ती बदलते. येथेच जुन्या एंजिनाची एक फसवणूक असते. वर्षानुवर्षांच्या माराने रॉकरच्या तोंडाला खळगा पडतो; सपाट पाती त्या खळग्यावर पुलासारखी आडवी राहते, माप बरोबर दिसते, आणि टिकटिक चालूच राहते. अशा वेळी फट नव्हे, रॉकर सुधारावा लागतो.

पुष्कळांना मात्र आवाज पूर्ण घालवण्याची घाई असते, आणि ते फट मापापेक्षाही कमी करून टाकतात. एंजिन गप्प होते, मालक खूश. परंतु एक्झॉस्ट झडप आपली बहुतांश उष्णता बैठकीवर टेकलेली असतानाच बाहेर टाकते. ती नीट टेकली नाही तर तापतच जाते, कडेच्या फटीतून ज्वाला निसटते, आणि काही काळात कडच जळून खपली पडल्यासारखी होते. शिवाय भारतात २००० सालापासून पेट्रोलमधील शिसे वर्ज्य झाले. त्या शिशाचा थर बिडात कोरलेल्या जुन्या बैठकींचे रक्षण करीत असे. तो गेल्यावर भरधाव व जड ओझ्याने चालवलेल्या एंजिनात बैठक झिजते, झडप खोल रुतते, दांडा वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते. म्हणजे दोष वाढत असताना आवाज उलट कमी होतो. म्हणूनच जाणते मिस्त्री वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा, गेल्या महिन्यापर्यंत वाजत असून आता विनाकारण शांत झालेल्या टॅपेटची फट आधी मोजतात.

काम संपल्यावर रॉकरवरचे झाकण बसवताना खालचे बुचाचे गॅस्केट तपासावे. ते कडक होऊन तडकलेले असेल तर बदलावे, नाहीतर ऑइल झिरपून गरम एक्झॉस्टवर पडते व धूर येतो. मग एंजिन सुरू करावे. आठही झडपांची एकसारखी, मऊ अशी चाळवाचाळव ऐकू येईल. या एंजिनात तेवढा आवाज असावाच लागतो.