एरोस्मिथ भारी की रन-डीएमसी?

रॉक थोर की रॅप, हा वाद पेटला की आधी १९८६चं ‘वॉक धिस वे’ लावावं.

गाणं मूळचं एरोस्मिथ या रॉक बँडचं, १९७५चं. सुरुवातीला ड्रम एकटाच वाजतो. न्यूयॉर्कचे डीजे तेवढाच तुकडा दोन तबकड्यांवर आलटूनपालटून फिरवत आणि त्यावर रॅप चाले. पुढचं गाणं ऐकायची गरजच पडत नसे! १९८६ मध्ये निर्माता रिक रुबिननं मात्र रन-डीएमसी या रॅप गटाला अख्खं गाणं करायला लावलं. एरोस्मिथचे स्टीव्हन टायलर आणि जो पेरी स्वतः स्टुडिओत आले.

बिलबोर्डच्या यादीत मूळ गाणं दहाव्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं, रन-डीएमसीचं चौथ्या.

पण नुसत्या क्रमांकावर थोरवी मोजू नये. दुसऱ्याच्या संगीतात नवा जीव कुणी ओतला, ते बघावं. तिथे रन-डीएमसीचं पारडं निश्चित जड.

तुमचा कौल कुणाला? कारणासकट सांगा.