निवृत्तीनंतरची वकिली : आदिवासींची जमीन आणि कायदा



वकिली थांबवल्यानंतर मी दर शनिवारी सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या पाड्यांवर जाऊन नेमके काय करतो, असे मंडळीतले अनेकजण विचारतात. "अजून केस चालवता का?" हा नेहमीचा प्रश्न. तशा केस मी आता चालवत नाही. लोकांचे कागद वाचतो, हरवलेले कागद शोधायला मदत करतो आणि त्यांचे म्हणणे कायद्याला समजेल अशा भाषेत लिहून देतो. या कामाला आपली मंडळी दर तिमाहीला हातभार लावते, म्हणून ते नीट समजावून सांगणे मला आवश्यक वाटते.

मला १९८१ साली सनद मिळाली. नाशिकच्या न्यायालयात ३६ वर्षे दिवाणी वकिली केली. वाटणीचे दावे, हद्दीचे वाद, कुळकायदा, वारसनोंदी हेच रोजचे काम. सातबारा वाचता वाचता केस पांढरे झाले. २०१७ मध्ये काळा कोट खुंटीला टांगला, पण सातबारा वाचण्याची सवय कुठे टांगणार? तीच आता उपयोगी पडते आहे.

वकिलाला दाराबाहेर ठेवणारा कायदा

आदिवासींच्या जमिनीविषयीचा महाराष्ट्राचा कायदा वरवर पाहता फार कडक आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात ज्या जमिनी अशा रीतीने गेल्या, त्या परत देण्यासाठी राज्याने १९७४ चा स्वतंत्र अधिनियम केला.

त्या अधिनियमात एक कलम असे आहे की, या प्रकरणांत कोणत्याही पक्षाच्या वतीने वकिलाला उभे राहता येणार नाही. माझ्या व्यवसायातल्या अनेकांना हे कलम खटकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८४ मध्ये न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. मला ते कलम नेहमीच योग्य वाटत आले आहे. जमीन घेणारा दहा वकील उभे करू शकतो, जमीन गमावलेल्याला एकाचीही फी परवडत नाही. अशा वेळी दोघांनाही वकील नाही, हीच त्यातल्या त्यात बरोबरी.

पवित्र शास्त्रातली नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. वकील म्हणून ती वाचताना माझे लक्ष एका गोष्टीकडे जाते. नाबोथाचा मळा तलवार उपसून घेतला गेला नाही. राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर शिक्का मारला आणि दोन खोटे साक्षीदार बसवले. कागद, शिक्का आणि साक्ष यांच्या जोरावर जमीन गेली. आजही ती बहुधा तशीच जाते. म्हणून खरा कागद आणि खरी साक्ष उभी करणे हे मी सेवेचे काम मानतो.

वनहक्काचा दावा म्हणजे काय?

आमचे बहुतेक काम २००६ च्या वनहक्क कायद्याखाली चालते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली पुष्कळ जमीन सरकारी दप्तरात 'वन' म्हणून नोंदलेली आहे. त्यामुळे कसणारा कायद्याच्या नजरेत अतिक्रमण करणारा ठरत होता. हा ऐतिहासिक अन्याय आहे, असे या कायद्याच्या प्रस्तावनेतच मान्य केले आहे.

कायदा सांगतो की, आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन प्रत्यक्ष कसत आहे, तिच्यावर त्याचा हक्क मान्य व्हावा. मर्यादा ४ हेक्टरची. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावाने होतो. तो वारसांना मिळतो, पण विकता येत नाही. दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून हटवता येत नाही.

दावा आधी गावाच्या वनहक्क समितीकडे जातो. समिती जागेवर जाऊन पाहणी करते आणि ग्रामसभा ठराव करते. पुढे प्रांतांच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हास्तरीय समिती. कागदावर वाट सरळ आहे, पण माणसे अडतात ती पुराव्यापाशी.

एका कोकणा आजींचे उदाहरण देतो. नागली आणि वरईचा उतारावरचा तुकडा, नवरा वारलेला. दावा फेटाळल्याच्या कागदावर एकच ओळ होती : पुरावे अपुरे. मी विचारले, "आजी, जुना काही कागद?" त्यांनी पत्र्याच्या पेटीतून रेशनकार्ड काढले, मतदार ओळखपत्र काढले. तळाशी आणखी एक घडी होती, ती त्या दाखवायला तयार नव्हत्या. "दादा, ती दंडाची पावती हाय. दंड भरला म्हंजे गुन्हाच ना? ती कशाला दाखवू?"

वनखात्याने त्यांच्या नवऱ्याला त्याच जमिनीवर नांगर धरल्याबद्दल केलेल्या दंडाची ती पावती होती, २००५ च्या कितीतरी आधीची. जी पावती त्या आयुष्यभर लाजेने लपवत आल्या, तीच त्यांचा सर्वांत भक्कम पुरावा होती. त्या वर्षी ती जमीन हेच कुटुंब कसत होते, हे सरकारनेच लिहून दिलेले होते.

नियम १३ मध्ये पुराव्यांची मोठी यादी आहे. सरकारी कागद तर चालतातच. पण शेताचे बांध, सपाटीकरण, जुने घर या जागेवरच्या खुणाही चालतात. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. अमुकच कागद आणा, असा आग्रह समितीला धरता येत नाही. उपग्रहाचे छायाचित्र जोडीला घेता येते, पण इतर पुराव्यांच्या जागी नाही. आम्ही आजींच्या शेताचे दगडी बांध मोजले, शेजारच्या पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब लिहिले, पावती जोडली आणि वरच्या समितीकडे अर्ज केला. पुढे १ हेक्टर २० आर मंजूर झाले. मागणी त्याहून थोडी जास्त होती.

साठ दिवसांचे महत्त्व

दावा फेटाळला तर कारणे लिहून दावेदाराला कळवावी लागतात. कळवल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. समितीला योग्य वाटल्यास आणखी ३० दिवस देता येतात. म्हणून पाड्यावर गेल्यावर माझा पहिला प्रश्न असतो : "हा कागद तुमच्या हातात कोणत्या दिवशी आला?" कित्येकांना तो मिळालेलाच नसतो. मग आधी नक्कल मागायची, तारीख लिहून ठेवायची आणि दिवस मोजायचे. जिल्हास्तरीय समितीचा निर्णय पूर्वी अंतिम होता. मे २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखालील अधिकार वापरून, विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील करण्याची सोय केली. अनेक कुटुंबांना हे अजून माहीत नाही.

यात पणाला काय लागते, हे २०१९ मध्ये दिसले. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने, दावे फेटाळले गेलेल्यांना वनजमिनीवरून हटवण्याबाबत आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. मधल्या पंधरवड्यात पाड्यांवर लोकांना झोप नव्हती. 'पुरावे अपुरे' या दोन शब्दांमागे एका घराची चूल असते, हे तेव्हा साऱ्या देशाला कळले.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट माहितीची. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. तुमच्या घरी, शेतावर किंवा कारखान्यात काम करणाऱ्या आदिवासी बांधवाला एवढे जरी सांगितले, तरी मोठे काम होईल.

दुसरी गोष्ट हातांची. मराठी स्वच्छ लिहिणारा, मोबाईलवर नकाशा पाहता येणारा तरुण एका शनिवारी चार जबाब लिहून देऊ शकतो. जबाब सांगणारी माणसे ऐंशीच्या घरातली आहेत. एकेक म्हातारा जातो, तशी एकेका पाड्याची साक्ष पुसली जाते. म्हणून ही घाई.

तिसरी गोष्ट तुमच्या देणगीची. ती झेरॉक्स, टंकलेखन आणि तालुक्याला जाणाऱ्यांच्या एसटी भाड्यावर खर्च होते. मी फी घेत नाही. दावेदार कोणत्या धर्माचा, हे मी विचारत नाही. कायदाही विचारत नाही.

आता गुडघे दुखतात, चढ चढताना थांबावे लागते. पण खाली बसून कागद वाचायला गुडघे लागत नाहीत. सध्या आमच्याकडे तीन पाड्यांचे फेटाळलेले दावे अपिलाच्या वाटेवर आहेत. त्यांसाठी प्रार्थना करा, आणि ज्यांना जमेल त्यांनी भात कापणी उरकल्यावर एखादा शनिवार राखून ठेवा. सोबत पेन आणि चष्मा आणा.