जुन्या ट्रॅक्टरचा डायनामो

मैंदर्गी हे सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या हद्दीजवळचं नगरपरिषदेचं गाव. बोलण्यात मराठीइतकीच कन्नड, शिवारात तूर, ज्वारी, ऊस. अशा गावांत जुना ट्रॅक्टर सहसा मोडीत निघत नाही. नांगराला नवा घेतला तरी जुना पेरणीला, फवारणीला, पाण्याच्या टँकरला राहतो. त्याचं इंजिन पिढीभर टिकतं. कुरकुर सुरू होते ती विजेच्या बाजूने.

सकाळी सेल मारला की नुसतं ‘टक्’ होतं. बॅटरी गेली म्हणून नवी आणली जाते आणि थोड्याच दिवसांत तीही बसते. खरं तर बॅटरी बिचारी उपाशी असते. तिला भरणारा डायनामो कधीच थांबलेला असतो, पण ते कळत नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही आणि जुन्या पंपात डिझेल यंत्रानेच दाबलं जातं. म्हणून एकदा सुरू झालेला ट्रॅक्टर चार्जिंगशिवायही दिवसभर चालतो. बिघाड दिवसा लपतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेरणीच्या ऐन घाईत उघडा पडतो.

महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीने १९६३ साली ट्रॅक्टरच्या धंद्यात पाऊल टाकलं. त्या पिढीतल्या बी-२७५ सारख्या ट्रॅक्टरांवर अल्टरनेटर नव्हता, डायनामो होता. हे यंत्र मला फार आवडतं, कारण त्यात काहीच झाकलेलं नाही. मधे फिरणारं आर्मेचर, भोवती फील्डची गुंडाळी, मागे तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर घासणारे दोन कार्बन. बंद डायनामोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं. आर्मेचर फिरलं की त्यातून जराशी वीज येते, ती फील्डमध्ये जाऊन चुंबकत्व वाढवते आणि वीज आणखी वाढते. वेर्नर फॉन सीमेन्सने १८६७ साली बर्लिनच्या अकादमीपुढे मांडलेलं तत्त्व ते हेच.

दोष शोधताना आधी बेल्ट बघावा. दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबल्यावर तो अर्ध्या इंचाच्या आसपास दबावा. त्याहून ढिला असेल तर घसरतो. मग अर्थिंग. खंडेनवमीच्या पूजेसाठी ट्रॅक्टर हौसेने रंगवला जातो आणि अर्थिंगचा बोल्ट रंगाखाली जातो. तिथे लोखंड चकचकीत होईपर्यंत घासून वायर पुन्हा आवळली की पुष्कळदा काम होतं.

एवढ्याने भागलं नाही तर डायनामो तपासायचा. त्याच्या मागे डी आणि एफ अशी दोन टोकं असतात. दोन्हींच्या वायरी काढाव्यात, टोकं तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडावीत, मीटरची एक वायर त्यांना आणि दुसरी बॉडीला लावावी. इंजिन सुरू करून रेस अगदी हळू वाढवावी. काटा सरसर २० व्होल्टकडे गेला की तिथेच थांबावं. डायनामो ठणठणीत आहे, दोष कटआउटच्या डबीत किंवा वायरिंगमध्ये आहे. काटा हललाच नाही तर कार्बन झिजलेत किंवा अडकलेत. अर्ध्या-एक व्होल्टवर घुटमळला तर फील्डवर संशय घ्यावा, चार-पाचवर अडकला तर आर्मेचरवर. दहा मिनिटांची ही चाचणी न करता डायनामो रिवाइंडिंगला टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

कार्बन बदलताना कम्युटेटरही बघावा. पट्ट्यांमधला अभ्रक वर आला असेल तर कार्बन उडतात आणि ठिणग्या पडतात. जाणता मिस्त्री हॅक्सॉचं पातं खाचेच्या रुंदीचं घासून घेतो आणि एकेक खाच हाताने कोरतो. हे काम बघत राहावं असं असतं.

कटआउट इंजिन बंद होताच बॅटरी आणि डायनामो यांची जोड तोडतो. त्याचे पॉइंट चिकटले तर रात्रभर बॅटरी डायनामोतच रिकामी होते, वायरी तापतात. आणखी एक गोष्ट. ब्रिटिश घडणीच्या जुन्या ट्रॅक्टरांत प्लस बॉडीला असे. पुढे कुणी मायनस बॉडीला केला असेल तर डायनामोलाही नवी दिशा द्यावी लागते. एफची वायर काढून त्या टोकाला बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकाची तार क्षणभर टेकवली की झालं. लोखंडातलं चुंबकत्व विरलेला, बरेच दिवस उभा राहिलेला ट्रॅक्टरही याच उपायाने शुद्धीवर येतो.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवावा का? दिवसा शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरला गरज नाही. रात्री उसाच्या ट्रॉल्या ओढायच्या असतील तर जरूर बसवावा. ४५ वॉटचे दोन हेडलाइटच साडेसात अँपिअर खातात, आणि लहान डायनामोची ताकद ११ अँपिअरच्या आसपास, तीही रेसवर. कारखान्याच्या रांगेत इंजिन मंद चालतं तेव्हा तो जवळजवळ काहीच देत नाही. अल्टरनेटर मंद गतीतही भरतो. मात्र इंजिन चालू असताना त्याच्या बॅटरीची वायर कधीही काढू नये, आतले डायोड जळतात.

तेव्हा नवी बॅटरी घेण्याआधी इंजिन रेसवर ठेवून जुन्या बॅटरीच्या टोकांना मीटर लावा. आकडा १४ व्होल्टच्या आसपास येत असेल, रात्रीची गळती नसेल आणि तरीही सकाळी सेल बसत असेल, तरच दुकानाची पायरी चढा.