हिंगोलीचा कौल आणि दुसरी पसंती

१६ मे २०१४ रोजी महाराष्ट्रातल्या ४८ लोकसभा मतदारसंघांत काँग्रेसचे दोनच उमेदवार तगले. नांदेडला अशोक चव्हाण आणि शेजारच्या हिंगोलीत राजीव सातव. सातवांना ४,६७,३९७ मतं मिळाली, शिवसेनेच्या सुभाष वानखेडेंना ४,६५,७६५. फरक १,६३२ मतांचा. हिंगोली लोकसभेत विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी २७२ मतं. प्रत्येक ठिकाणी एखाद्या बऱ्यापैकी गावच्या एका बूथवरची एवढी माणसं त्या दिवशी शेतातच राहिली असती, किंवा त्यातल्या निम्म्यांनी दुसरं बटण दाबलं असतं, तर दिल्लीला दुसराच माणूस गेला असता.

सातवांचा विजय खरा होता आणि भर लाटेत तो मिळवणं सोपंही नव्हतं. पण जवळजवळ तेवढ्याच माणसांनी वानखेडेंना मत दिलं होतं, आणि पुढची पाच वर्षं त्या साडेचार लाखांहून जास्त मतांचा लोकसभेत काहीच हिशेब नव्हता. सर्वाधिक मतं घेणारा निवडून येणार, बाकीच्यांनी पुढच्या निवडणुकीची वाट पाहायची, हा आपला नियम आपण इतका अंगवळणी पाडून घेतलाय की त्यावर चर्चाच होत नाही. हिंगोलीच्या गेल्या पन्नासेक वर्षांकडे पाहिलं की ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

हा मतदारसंघ १९७७ ला नकाशावर आला तेव्हा हिंगोली नावाचा जिल्हाच नव्हता, तालुका परभणी जिल्ह्यात होता. पहिल्याच निवडणुकीत जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील निवडून आले. मग १९८०, १९८४, १९८९ अशा तीन वेळा काँग्रेसचे उत्तमराव राठोड. १९९१ मध्ये शिवसेनेचे विलासराव गुंडेवार आले आणि तिथून जो पालट सुरू झाला तो थांबलाच नाही. १९९६ ला शिवाजी माने, १९९८ ला सूर्यकांता पाटील, १९९९ ला पुन्हा माने, २००४ ला पुन्हा सूर्यकांताताई, मग वानखेडे, सातव, हेमंत पाटील, आणि २०२४ मध्ये नागेश पाटील आष्टीकर. उत्तमरावांनंतर इथून लागोपाठ दोनदा कुणीही निवडून गेलेलं नाही.

हिंगोलीची जनता खासदार टिकू देत नाही, असं चहाच्या टपरीपासून पक्ष कार्यालयापर्यंत सगळीकडे बोललं जातं. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. इथले आकडे नीट पाहिले तर लोकांच्या चंचलपणापेक्षा मोजणीच्या पद्धतीचाच हात मोठा दिसतो. २००९ घ्या. वानखेडेंना ३,४०,१४८ मतं होती. राष्ट्रवादीच्या सूर्यकांता पाटलांना २,६६,५१४ आणि बसपाचे डॉ. बी. डी. चव्हाण यांना १,११,३५७. दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज पहिल्यापेक्षा ३७ हजारांनी जास्त भरते. २०२४ मध्ये तीच गत झाली. आष्टीकरांना ४,९२,५३५, शिवसेनेच्या शिंदे गटाच्या बाबुराव कदम कोहळीकरांना ३,८३,९३३ आणि वंचित बहुजन आघाडीकडून उभ्या राहिलेल्या त्याच डॉ. चव्हाणांना एक लाख साठ हजारांहून जास्त. मधल्या २०१९ मध्ये हेमंत पाटलांनी ५,८६,३१२ मतं घेऊन मैदान मारलं, ते निर्विवाद. पण तेव्हाही वंचितच्या मोहन राठोडांच्या पारड्यात १,७४,०५१ मतं पडलीच होती.

तिसऱ्या क्रमांकाची ही लाख ते पावणेदोन लाख मतं इथे पुन्हापुन्हा दिसतात. कारण मतदारसंघाची घडणच तशी आहे. हिंगोली, कळमनुरी आणि वसमत हिंगोली जिल्ह्यातले, हदगाव आणि किनवट नांदेडमधले, आणि पैनगंगेपलीकडचं उमरखेड यवतमाळचं. वसमतचा हळद पिकवणारा शेतकरी, माहूर-किनवटच्या रानातला आदिवासी, तांड्यावरचा बंजारा, गावकुसाबाहेरची बौद्ध वस्ती, शहरांतले मुस्लिम मोहल्ले, गावोगावचा मराठा आणि हटकर-धनगर समाज. एवढ्या सगळ्यांचा मिळून एकच माणूस. निवडणुकीच्या शेवटच्या आठवड्यात ‘मत वाया घालू नका’ हा एकच प्रचार सगळीकडे चालतो. ज्याला आपला माणूस उभा असूनही दुसऱ्याला मत द्यावं लागतं, त्याच्या मनात काय होत असेल याचा विचार व्हायला हवा.

आपल्याकडे ही पद्धत आभाळातून पडलेली नाही, ती घटना समितीत वाद होऊन ठरली. जानेवारी १९४९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी मतांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात अशी दुरुस्ती मांडली. उमरखेड ज्या वऱ्हाडात मोडतं, तिथलाच हा आवाज. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. अशा मतदानाला साक्षरता लागते, ती आपल्याकडे नाही. आणि सभागृहात पक्षांचे तुकडे झाले तर सरकार टिकणार नाही. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता अवघी १८ टक्के भरली. त्या काळात बाबासाहेबांचं म्हणणं खोडून काढणं अवघड होतं.

तरीही पहिल्या दोन निवडणुका सरसकट एकाच साच्यातल्या नव्हत्या, हे आज कुणाच्या लक्षात नसतं. १९५२ मध्ये ४०१ मतदारसंघांपैकी ८६ ठिकाणी दोन-दोन खासदार निवडायचे होते आणि उत्तर बंगालमध्ये एका ठिकाणी तीन. परभणीतून शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे एकटे गेले. नांदेड मात्र द्विसदस्य होतं. १९५७ मध्ये तिथून काँग्रेसचे देवराव कांबळे आणि शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे हरिहरराव सोनुले असे दोघे बरोबरच लोकसभेत बसले. एकाच मातीतून दोन वेगळ्या पक्षांचे दोन खासदार. मतदाराला दोन मतं असत आणि ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. या पद्धतीचे काटेही होते. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेब नारायण काजरोळकरांकडून हरले, तेव्हा सत्तर हजारांहून जास्त मतपत्रिका बाद झाल्या होत्या. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरमला व्ही. व्ही. गिरी पडले आणि दोन्ही जागा, राखीव आणि सर्वसाधारणही, आदिवासी उमेदवारांकडे गेल्या. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९६१ मध्ये कायदा करून द्विसदस्य मतदारसंघच संपवले. दोष दुरुस्त करण्याऐवजी अख्खी सोयच काढून टाकली गेली, असं माझं मत आहे.

सामान्य मतदाराला नाकारलेली मतांच्या प्रमाणात वाट्याची सोय लोकप्रतिनिधींनी स्वतःसाठी मात्र शाबूत ठेवलेली आहे. राज्यसभेसाठी आमदार मत देतात तेव्हा नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात. हिंगोलीकरांनी ही दोन्ही दारं एकाच माणसाच्या निमित्तानं पाहिली. सातव २०१९ मध्ये लोकसभेला उभे राहिले नाहीत, मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर गेले. सात जागांना सातच उमेदवार उरल्यानं मतदान झालंच नाही. शरद पवार, रामदास आठवले, उदयनराजे भोसले, परभणीच्या फौजिया खान, संभाजीनगरचे भागवत कराड, प्रियंका चतुर्वेदी आणि सातव, असे वेगवेगळ्या पक्षांचे सातजण आपापल्या संख्याबळाप्रमाणे निवडून आले. विधानसभेत ज्याचं जेवढं बळ, तेवढा त्याचा वाटा. सातवांना ती खुर्ची फार काळ लाभली नाही. करोनातून उठता उठता १६ मे २०२१ रोजी पुण्यात ते गेले, वयाच्या ४६ व्या वर्षी. त्यांच्या कळमनुरीत त्या दिवशी पक्षाचा भेद कुणी पाळला नाही.

पसंतीक्रम कसा चालतो हे राज्याला कळलं ते १० जून २०२२ ला. सहा जागा, सात उमेदवार. सहाव्या जागेसाठी शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं होती, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. तरी महाडिक निवडून आले. पियूष गोयल आणि अनिल बोंडे यांना कोट्याहून जास्त पडलेली मतं वाया न जाता दुसऱ्या पसंतीनं महाडिकांकडे वळली. पहाटेपर्यंत टीव्हीसमोर बसून लोकांनी तो हिशेब समजून घेतला. त्या मतदानात आपल्या मतदारसंघातले सहा आमदार होते: हिंगोलीचे तानाजी मुटकुळे, किनवटचे भीमराव केराम आणि उमरखेडचे नामदेव ससाणे भाजपचे, कळमनुरीचे संतोष बांगर शिवसेनेचे, वसमतचे राजू नवघरे राष्ट्रवादीचे, हदगावचे माधवराव जवळगावकर काँग्रेसचे. ज्या भूमीतून लोकसभेत एकाच पक्षाचा एकच माणूस जातो, तिथूनच विधानसभेत चार पक्ष गेले होते. लोकांचं मन खरं कसं विभागलेलं आहे, ते या सहा नावांत दिसतं.

कोणी म्हणेल, आमदारांना जमतं ते सर्वांना कसं जमेल? जिल्ह्यातल्या पदवीधरांना विचारा. औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघात तेही पसंतीक्रमानंच मत देतात. केंद्रावर जांभळा स्केचपेन मिळतो, स्वतःचा पेन चालत नाही. नावापुढच्या चौकोनात फक्त आकडा लिहायचा. बरोबरची खूण केली, सही केली, ‘एक’ असं अक्षरात लिहिलं की मत बाद. डिसेंबर २०२० मध्ये सतीश चव्हाण इथून निवडून आले तेव्हा हजारो पदवीधरांची मतं अशी बाद ठरली. तेव्हा शिकलेला चुकत नाही आणि न शिकलेल्याला कळत नाही, हे दोन्ही खरं नाही. प्रश्न मतपत्रिका सोपी करण्याचा आणि ती आधी समजावून सांगण्याचा आहे. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची साक्षरता ७८ टक्के आहे. १९४९ चा आक्षेप आज तसाच पुढे करता येत नाही.

शिवाय लोकसभेसाठी १-२-३ लिहायचीही गरज नाही. सोपी वाट शेजारीच आहे. नेपाळमध्ये २००८ पासून मतदाराला दोन मतपत्रिका मिळतात, एक आपल्या भागातल्या उमेदवारासाठी, दुसरी पक्षासाठी. तिथल्या प्रतिनिधी सभेत आता १६५ जण मतदारसंघांतून येतात आणि ११० पक्षांच्या यादीतून, मतांच्या प्रमाणात. यादीत महिला, दलित, आदिवासी, मधेशी यांना जागा ठेवाव्याच लागतात. डोंगरदऱ्यांतला नेपाळी शेतकरी हे दोन शिक्के बिनघोर मारतो. आपल्या विधी आयोगानंही असंच काही सुचवलं होतं. न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं मे १९९९ मध्ये १७० वा अहवाल दिला. लोकसभेच्या जागा पंचवीस टक्क्यांनी वाढवाव्यात आणि त्या वाढीव जागा पक्षांच्या यादीतून भराव्यात, असा त्यातला प्रस्ताव होता. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. म्हणजे जिल्हा आणि तो प्रस्ताव एकाच महिन्यातले. जिल्ह्याला कचेरी मिळाली, कलेक्टर मिळाले. प्रस्ताव धूळ खात पडला.

यात कुठल्या एका पक्षाचं भलं आहे असंही नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रात शिवसेनेला साधारण २०.६ टक्के मतं आणि १८ जागा, तर काँग्रेसला १८ टक्के मतं आणि दोन जागा. २०२४ मध्ये चाक उलटं फिरलं. भाजपला राज्यात सर्वाधिक, २६ टक्के मतं पडली तरी जागा नऊच, आणि १७ टक्क्यांवर काँग्रेसला १३. आज ज्याला ही पद्धत गोड लागते, त्याला ती उद्या कडू लागणार आहे.

यादीवर एक आक्षेप मला खरोखर गंभीर वाटतो. यादी कोण करणार? पक्षाचे पुढारी. मग त्यात त्यांची मुलं-सुना आणि पैसेवाले शिरणार. २०२४ मध्ये हेमंत पाटलांची जाहीर झालेली उमेदवारी ऐनवेळी काढून कोहळीकरांना दिली गेली, तेव्हा मतदारसंघातल्या लोकांना कुणी विचारलं होतं? तिकीट वरूनच ठरतं, हे आजही तसंच आहे. यादी निवडणुकीआधी क्रमासह जाहीर केली, ती अख्ख्या देशाची न ठेवता विभागवार केली, तर निदान लोकांना ती डोळ्यांसमोर ठेवून मत देता येईल.

२०२४ च्या जूननंतर काय घडलं तेही पाहण्यासारखं आहे. तिकीट गेलेले हेमंत पाटील ऑक्टोबरमध्ये राज्यपालनियुक्त आमदार म्हणून विधान परिषदेत गेले. राजीव सातवांच्या पत्नी प्रज्ञा सातव त्याआधीच, जुलैत, आमदारांच्या पसंतीक्रमावर परिषदेत परतल्या होत्या. लोकसभेला पडलेले कोहळीकर नोव्हेंबरमध्ये हदगावचे आमदार झाले. आणि ज्या सहा विधानसभा क्षेत्रांनी मिळून आष्टीकरांना एक लाख आठ हजारांचं मताधिक्य दिलं होतं, त्या सहाही ठिकाणी सहा महिन्यांच्या आत त्यांच्या विरोधातल्या महायुतीचे आमदार निवडून आले. पुढाऱ्यांना एक दार बंद झालं तर दुसरं उघडतं. डॉ. चव्हाणांच्या मतदारांसाठी असं एकही दार नाही.

लोकसभेच्या मतदारसंघांची फेररचना आता दारात आहे आणि जागा वाढण्याची बोलणी सुरू आहेत. वाढ झालीच तर नव्या जागांपैकी निदान काही तरी मतदारसंघांत न वाटता विभागवार यादीसाठी राखाव्यात. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची एक यादी, यवतमाळसह पश्चिम विदर्भाची दुसरी, आणि मतदाराच्या हातात उमेदवाराच्या बटणाबरोबर पक्षाचं एक बटण. ही तरतूद फेररचनेच्या त्याच विधेयकात व्हायला हवी, आणि ती मागण्यात आष्टीकरांपासून चव्हाणांपर्यंत हिंगोलीत उभ्या राहिलेल्या प्रत्येकानं पुढे यावं. त्यातल्या पहिल्या तिघांच्या पाठीशी तर या मतदारसंघातली लाखावर माणसं उभी राहिली आहेत.