बोलावेनच्या पठारावरील एक घर

फटफटीवर मागें बसून प्रवास करण्याचें आमचें वय उलटून गेलें आहे, असें घरांतील सर्व मंडळींचें मत होतें. "अहो, मागल्या खेपेस त्याच वाहनानें तुम्हांला पाडलें ना?" असेंहि सौभाग्यवतींनीं विचारलें. पाडलें खरें, परंतु ज्यांनीं आम्हांला उचललें त्यांच्याकडेच जावयाचें होतें, आणि त्यांच्या गांवाच्या आडवाटेस दुसरें वाहन क्वचित् मिळतें.

आमचा एक जुना विद्यार्थी दक्षिण लाओसमधील वाट फू येथील जीर्णोद्धाराच्या कामानिमित्त पाक्से शहरीं राहतो. वाट फू हें डोंगराच्या उतारावरील प्राचीन शिवालय असून आतां तेथें बुद्धाची पूजा होते. त्याच परिसरांत पांचव्या शतकांतील एक संस्कृत शिलालेख सांपडला आहे. देवानीक नांवाच्या राजानें तेथील तीर्थास कुरुक्षेत्र हें नांव दिल्याचें त्यांत कोरलें आहे. एवढें वाचल्यावर संस्कृताच्या शिक्षकाला घरीं कोण बसवून ठेवणार? २०१९ सालच्या फेब्रुवारींत आम्ही गेलों, आणि देवालय पाहून झाल्यावर विद्यार्थ्यानें बोलावेनचें पठार दाखविण्यासाठीं आम्हांला मागें बसविलें. पाक्सोंगच्या पुढें एका आडवाटेवर लाल धुळींत चाक घसरलें आणि आम्ही दोघेहि कडेला पडलों.

आमचा पाय मुरगळला होता. सरपटत झाडाच्या सावलींत जावें म्हणून हात टेंकला, तोंच पलीकडच्या अंगणांतून आमच्याच वयाची एक बाई मोठ्यानें ओरडली. शब्द कळले नाहींत. परंतु अडतीस वर्षें वर्गांत आम्हीं स्वतः वापरलेला तो स्वर ओळखीचा होता. आम्ही जागच्या जागीं थिजलों. झाडाजवळ रोंवलेल्या लाल खुंट्या मग दिसल्या. चाकाच्या खुणेवरूनच पाय टाकीत ती आली, आणि तिनें व तिच्या मुलानें आम्हांला उचलून घरीं नेलें.

त्या खुंट्यांचा अर्थ वाचकांस सांगितला पाहिजे. १९६४ ते १९७३ या काळांत अमेरिकन विमानांनीं या लहानशा देशावर २० लक्ष टनांहून अधिक बाँब टाकले. पूर्व लाओसच्या अरण्यांतून उत्तर व्हिएतनामची रसद दक्षिणेकडे जात असे. ती तोडणें हा त्यांतील एक हेतु. एकेका कवचांतून शेंकडों लहान गोळे विखुरत. असे सुमारें २७ कोटि गोळे पडले, व त्यांपैकीं ८ कोटींच्या आसपास फुटलेच नाहींत, असा अंदाज आहे. लोक त्यांना 'बॉम्बी' म्हणतात. मुठींत मावेल एवढा गोळा. पोरें चेंडू समजून उचलतात, शेतकऱ्याची कुदळ त्याला लागते. युद्ध संपून पन्नास वर्षें झालीं, तरी माणसें दगावतातच. या घराचाहि एक तुकडा यजमानांच्या वडिलांच्या वेळेपासून पडीक होता.

पाय उतरेपर्यंत चार दिवस आम्ही तेथें राहिलों. यजमान निवृत्त शिक्षक निघाले! एकमेकांची भाषा येईना, म्हणून दोघे म्हातारे वारांचीं नांवें म्हणत बसूं. वान आथित म्हणजे आपला आदित्यवार, वान चान हा चंद्राचा, वान फुत बुधाचा, वान फहात बृहस्पतीचा, वान सुक शुक्राचा आणि वान साओ शनीचा. भाषेला ते 'फासा' म्हणतात, आणि शिक्षकाला 'खू'. हा आपला गुरुच.

जेवणाची गोष्ट मात्र निराळी. तिकडे बहुतेक कालवणांत पादेक, म्हणजे आंबविलेल्या माशांचा रस, घालतात. बाईनें भोपळ्याचें कालवण पुढें ठेवलें. वास येतांच आम्हीं वाडगा हातानें दूर सारला आणि चारहि दिवस चिकट भात मीठ-मिरचीशीं खाल्ला. नियम मोडावयास हवा होता असें आम्हांला आजहि वाटत नाहीं. परंतु विद्यार्थी शेजारींच बसला होता. त्याच्याकरवीं दोन शब्द सांगावयास कितीसा वेळ लागला असता? बाईचा उतरलेला चेहरा आम्हीं पाहिला, आणि तसेच परत आलों.

लवकरच पुन्हा जावयाचें ठरविलें होतें. पुढें महामारी आली. लाओसच्या सीमा २०२२ च्या मे महिन्यांत उघडल्या. मग आमचीं दुखणीं. अखेर २०२४ च्या जानेवारींत योग आला.

पाक्सेहून पाक्सोंग सुमारें ५० किलोमीटर. तिकडे वाहनें उजव्या बाजूनें चालतात. त्यामुळें समोरून लॉरी आली कीं आमचा जीव अर्धा होई. "गुरुजी, हलूं नका," असें विद्यार्थी बजावी. एके काळीं याच मुलाला आम्हीं चुळबूळ करतो म्हणून बाकावर उभें केलें होतें! चढ लागला तशी हवा गार झाली. पाक्सोंग १३०० मीटरांच्या आसपास उंच आहे. फ्रेंचांनीं आणलेली कॉफी या पठाराला मानवली, आणि तोडणीचे दिवस असल्यामुळें अंगणोंअंगणीं तिचीं लाल फळें वाळत पडलीं होतीं.

आडवाट लागतांच आम्ही उतरलों आणि चाकाच्या खुणेवरून चालत निघालों. झाड तेंच होतें, खुंट्या नव्हत्या. मधल्या काळांत शोधपथकानें तो तुकडा तपासून मोकळा केला होता, आणि त्यांत भोपळ्याचे वेल पसरले होते.

बाईनें प्रथम पायाची चौकशी केली. मग जेवावयास बसल्यावर तिनें एक कोरें पातेलें आमच्यापुढें ठेवलें. विद्यार्थ्यानें पूर्वींच तिला आमच्या नियमाचें कारण सांगितलें होतें. म्हणून हें पातेलें तिनें बाजारांतून मुद्दाम आणलें होतें. त्याला मासळीचा स्पर्शहि नव्हता. भोपळा त्याच तुकड्यांतला. मीठ अंमळ अधिक होतें, तरी आम्हीं दोनदां वाढून घेतलें.

नंतर हात जोडून मागल्या वर्तनाबद्दल क्षमा मागितली. ती हंसून कांहीं बोलली. विद्यार्थी भाषांतर करीना, फार आग्रह केला तेव्हां म्हणाला, "गुरुजी, ती म्हणते, मला राग आलाच होता. तो वाडगा मीं कोंबड्यांना घातला."

सायंकाळीं सू ख्वान झालें. माणसाच्या देहांत बत्तीस ख्वान, म्हणजे प्राणांश, असतात, अशी त्यांची समजूत. प्रवासांत वा अपघातांत ते भटकतात. त्यांना हांक मारून मनगटास पांढऱ्या सुतानें बांधतात. यजमानांनीं डाव्या हातास बांधलें, बाईनें उजव्या. ती काय पुटपुटली तें विचारलें. पडलांत तेथेंच एखादा राहिला असेल, तो आतां घेऊन जा, असें ती म्हणाली होती.

सकाळीं निघालों तेव्हां पातेलें घासून फळीवर पालथें ठेवलेलें होतें, इतर भांड्यांपासून वेगळें.