लाल फूल काळे का उमटले?

बडोद्याच्या फतेगंजात इंग्रजांची छावणी होती, त्या काळी कुणी पांगाऱ्याचे फूल कॅमेऱ्यासमोर धरले असते, तर छायाचित्रात ते जवळजवळ काळे उमटले असते. दोष छायाचित्रकाराचा नव्हे, काचेच्या प्लेटवरच्या रसायनाचा. चांदीच्या क्षारांवर निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाचाच परिणाम होई. लाल-केशरी प्रकाश प्लेटला जाणवतच नसे. निळी गोकर्ण फिकट दिसे, हिरवे पान गडद. परिणामी पळस, पांगारा, काटेसावर ही आपली सर्वांत तेजस्वी फुले चित्रात झाडोऱ्यातच हरवत.

त्यात 1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने प्रसिद्ध केलेल्या कोलोडियन पद्धतीत प्लेट ओली असतानाच छायाचित्र काढून ते धुवावे लागे. आपल्या उन्हाळ्यात ती भराभर सुके. वाऱ्याने पाकळी हलली की आकारही पुसट. म्हणून वनस्पतिशास्त्राचा भरवसा कुंचल्यावरच राहिला. पुण्याजवळच्या दापोडी उद्यानाचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांनी 1847 पासून एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून रंगवून घेतलेली चित्रे आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात आहेत. त्या चित्रकाराचे नाव मात्र नोंदलेले नाही.

कोंडी फोडली ती रंगद्रव्यांनी. 1873 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान फोगेल यांना आढळले की, प्लेटच्या लेपात योग्य रंग मिसळला, तर तो रंग जो प्रकाश शोषतो त्यालाही प्लेट प्रतिसाद देते. आधी हिरवा प्रकाश टिपता आला. लाल रंगापर्यंत पोहोचणाऱ्या प्लेटा बाजारात यायला 1906 साल उजाडले.

पण कॅमेऱ्याचे बळ केवळ रंगछटा टिपण्यात नव्हते. बडोद्यात महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने 1890 मध्ये कलाभवन ही कला-तंत्र शिकवणारी संस्था सुरू झाली. तिथेच दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले. पुढे 1912 मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून महिनाभर त्याची चित्रे टिपली आणि जेमतेम मिनिटभराचा ‘अंकुराची वाढ’ हा चित्रपट केला. रंग नसले तरी डोळ्यांना न दिसणारी वाढ कॅमेऱ्याने दाखवली. कुंचल्याला हे जमले नसते.

म्हणून जुन्या संग्रहांतील फुलांची छायाचित्रे पाहताना करड्या छटेवरून पाकळीचा रंग ठरवू नये. प्लेट कोणती, साल कोणते, हे आधी विचारावे. संग्रहालये ही छायाचित्रे संगणकावर चढवत असतील, तर प्रत्येकाच्या नोंदीत प्रक्रियेचे नाव जरूर हवे. सोबत वाळवलेला नमुना आणि रंगीत चित्र ठेवले, तरच त्या फुलाची पूर्ण साक्ष हाती येते.