पत्रा ठोकावा की बदलावा?

पाऊस उघडला की मानवत, सेलूच्या बाजारात कापूस-सोयाबीनच्या पिकअप गाड्यांची रांग लागते. त्यातली जुनी गाडी लांबूनच ओळखू येते. दरवाजाचा खालचा काठ कुरतडलेला, हौद्याच्या पत्र्यातून रस्ता दिसतोय! एक गॅरेजवाला म्हणतो, ठोकून देतो. दुसरा म्हणतो, सगळंच बदला. मग ऐकायचं कुणाचं? शेतकरी बंधूंनो, आधी स्वतः तपासा.

पेचकसाच्या मुठीनं पत्र्यावर टकटक करा, टोकानं दाबा. पत्रा टणक असेल आणि नुसता चेपला असेल, तर ठोकून सरळ करणं स्वस्त पडतं. टोक आत घुसलं तर गंजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून तेवढ्याच जाडीचं ठिगळ वेल्डिंगनं लावावं. गंजावर पुट्टी थापणं म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. एक-दोन पावसाळ्यांत पापुद्रा सुटतो. जुनी गाडी घेताना लोहचुंबक सोबत न्या. जाड पुट्टीवर तो धरत नाही.

दरवाजा, बोनेट नटबोल्टवर असतात. ते फारच सडले असतील तर बदललेलेच बरे. भंगारातून घेतलात तर आपल्याच मॉडेलचे घ्या, पावती मागा. पण बिजागरीचा खांब, केबिनचा तळ किंवा चेसिस गंजली असेल तर नव्या दरवाजाचा काय उपयोग? आधी तिथलं काम करा. धडक बसली तर जीव त्यावरच अवलंबून असतो.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढायला सांगा. डिझेलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवूनच घ्या.

आपली काळी माती ओल धरते. मडगार्डच्या आत चिखल बसला की पत्रा आतून सडतो. खताच्या गोण्या वाहिल्यावर हौदा धुवा. दरवाजाखालची पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी ठेवा. ओला कचरा वाहणाऱ्या घंटागाडीलाही हेच लागू. ग्रामसेवकांनी दरपत्रक मागवताना ठोकणं, ठिगळ, नवा पत्रा आणि रंग यांचे दर वेगळे लिहून घ्यावेत.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत नोंदणीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. तेव्हा हौदा वाढवण्याआधी आरटीओत विचारा.

रंग शेवटी, गंज आधी. एवढं धरून चाललात तर जुनी गाडीही आणखी काही हंगाम ओढेल.